डेन्मार्क: नोकरीवरून काढणं सोपं, मग हिशेब एकट्या कामगारानेच द्यायचा का?

कृष्णाकाठ

नमस्कार मंडळी, बरेच महिने नुसतं वाचत होते, आज लिहायला बसलेय कारण डोक्यात जे चाललंय ते घरात बोलून संपत नाहीये. मी मूळची वाईची, गेली अकरा वर्षं डेन्मार्कमध्ये आर्हुसला आहे. एका सॉफ्टवेअर कंपनीत सात वर्षं काढली, नाव लिहीत नाही. फेब्रुवारीतल्या एका गुरुवारी सकाळी सव्वानऊची मीटिंग आली, विषयाची जागा रिकामी. आत गेले तर एका बाजूला मॅनेजर आणि एचआरच्या बाई, समोर आमचा टीआर म्हणजे युनियनचा प्रतिनिधी, आणि त्याने माझ्यासाठी शेजारची खुर्ची आधीच ओढून ठेवलेली. ती खुर्ची बघितली आणि सगळं कळलं. दोन पानी पत्र, कारण एका ओळीत, खर्चकपात. दहा वाजता लॅपटॉप परत केला होता आणि मी बसस्टॉपवर उभी होते.

आता ह्यात बेकायदा काहीच नाही बरं का. इथे ऑफिसात काम करणाऱ्यांसाठी फुन्क्शिओनेर कायदा आहे, १९३८ पासूनचा, त्यात नोटीस किती ते ठरलेलं आहे, सहा महिन्यांच्या आत एक महिना, त्यानंतर तीन महिने, मग वर्षं वाढतील तसं वाढत सहापर्यंत. मला सात वर्षं झालेली म्हणून पाच महिने मिळाले, जुलै अखेरपर्यंत पूर्ण पगार, कामावर यायचं नाही. टीआरने बाहेर सोडताना एवढंच विचारलं, आज घरी कोणी आहे ना तुझ्याबरोबर.

ऑगस्टपासून डागपेंगे सुरू झाले, म्हणजे बेकारी भत्ता. तो सरकार थेट देत नाही, आ-कासे नावाची विमा संस्था देते, मी दरमहा पाचशेच्या आसपास क्रोनर भरत होते म्हणून मिळतो. आणि तिथून माझी हजेरी सुरू झाली. दोन आठवड्यांच्या आत जॉबनेटवर म्हणजे सरकारी नोकरीशोधाच्या साइटवर सीव्ही टाकायचा, दर आठवड्याला लॉगिन करून मी अजून काम शोधतेय हे कळवायचं, केलेला प्रत्येक अर्ज नोंदवायचा, आ-कासेची मुलाखत वेगळी, जॉबसेंटरची म्हणजे नगरपालिकेच्या रोजगार केंद्राची वेगळी. ह्या सगळ्याला मी नावं ठेवत नाहीये, पैसे घेते तर हिशेब द्यायला हवा. पण ऑक्टोबरमध्ये सासूबाई वाईला घरातच पडल्या, खुब्याचं हाड मोडलं, आणि मला जाता येईना. नियम असा की भत्ता घेत असाल तर काम मिळालं की उद्या हजर होता आलं पाहिजे. सुट्टीचे साठलेले दिवस होते तेवढे काढून नऊ दिवस जाऊन आले. परत येताना विमानात एकच विचार, कंपनीने मला काढताना एका ओळीत कारण दिलं, आणि मी मात्र माझ्या प्रत्येक दिवसाचं कारण देतेय. ह्याला समतोल म्हणायचं का? जाणकारांनी लिहा, मला खरंच समजून घ्यायचंय.

हिशेबनीस

ताई, आधी सासूबाई कशा आहेत ते कळवा. आणि प्रश्न अगदी मुळाला हात घालणारा आहे, म्हणून जरा मागून सांगतो.

तुम्हाला जे एका ओळीत काढता आलं त्याचं मूळ १८९९ मध्ये आहे. त्या वर्षी मे महिन्यात डॅनिश मालकसंघाने टाळेबंदी केली, साधारण ४० हजार कामगार तीनेक महिने घरी, आणि ५ सप्टेंबरला तह झाला, त्याला सप्टेंबर करार म्हणतात. त्यात मालकांनी कामगारांचा संघटना करायचा हक्क मान्य केला आणि कामगारांनी मालकाचा काम चालवायचा, वाटून द्यायचा हक्क मान्य केला, माणसं घेणं आणि काढणं त्यातच आलं. म्हणजे काढणं सोपं ही गोष्ट कुठल्या सरकारने वरून लादलेली नाही, ती सौद्यातली एक बाजू आहे. दुसरी बाजू म्हणजे ओव्हरेन्सकोम्स्ट, सामूहिक करार. आजही डेन्मार्कमध्ये कायद्याने ठरवलेलं किमान वेतन नाही, पगार, ३७ तासांचा आठवडा, ओव्हरटाइम हे सगळं करारात. तुमच्यासाठी ओढून ठेवलेली ती खुर्ची १८९९ चीच आहे असं समजा.

मग १९०७ मध्ये आ-कासेंना सरकारी मान्यता आणि पैसा देणारा कायदा आला. त्यामुळे दोन पाय झाले, सोपं काढणं आणि बरा भत्ता. तिसरा पाय, म्हणजे तुम्ही ज्याला हजेरी म्हणताय तो, बराच उशिरा आला. १९९३ मध्ये बेकारी १२ टक्क्यांवर गेली होती, पोल नीरुप रासमुसेन पंतप्रधान झाले आणि त्यांच्या सरकारने १९९४ पासून ठरवलं की भत्ता सात वर्षांपर्यंत मिळेल पण ठराविक काळानंतर प्रशिक्षण, प्राक्टिक म्हणजे एखाद्या ठिकाणी अनुभवासाठी काम, काहीतरी करावंच लागेल, नुसतं बसता येणार नाही. पुढे ह्या तिघांना मिळून सोन्याचा त्रिकोण म्हणायला लागले आणि फ्लेक्सिक्युरिटी, म्हणजे लवचीकपणा आणि सुरक्षितता एकत्र, हा शब्द युरोपभर गेला, २००७ मध्ये युरोपियन युनियनने त्याची तत्त्वंच मान्य केली. शब्द मुळात हॉलंडचा, पण नाव डेन्मार्कचं झालं.

आता माझं मत. त्रिकोणातला पहिला पाय १८९९ पासून हललेला नाही. तिसरा पाय दर दहा वर्षांनी जाड होत गेला. आणि मधला झिजलाय. सात वर्षांचे पाच झाले, मग चार झाले, २०१० मध्ये चाराचे दोन केले, शिवाय परत हक्क मिळवायला पूर्वी २६ आठवड्यांचं काम पुरायचं तिथे ५२ आठवडे. तुमची तक्रार हजेरीबद्दल वाटते, पण खरं दुखणं मधल्या पायाचं आहे.

रोखठोक_दिलीप

वाईट वाटलं ताई, पण स्पष्ट लिहितो, राग मानू नका. नव्वद टक्के पगार घरबसल्या, तोही दोन वर्षं, आणि वर लॉगिन करायला सांगितलं तर त्रास? पुण्यात आमच्याकडे माणूस काढला की पुढच्या महिन्याचा हप्ता कसा भरायचा ह्याची चिंता, विचारायला कोणी नसतं. दुसऱ्याच्या करातून पैसा येतो म्हटल्यावर तपासणी हवीच, आणि तपासणी नसली की काय होतं ते आपण आपल्याकडच्या कितीतरी योजनांत बघितलंय.

कृष्णाकाठ

दिलीपदादा, राग नाही, उलट बरं झालं विचारलंत कारण हा नव्वदचा आकडा सगळीकडे फिरतो. नव्वद टक्के खरं, पण त्याला वरची मर्यादा आहे, टॅक्स कापायच्या आधी महिन्याला साधारण २१ हजार क्रोनर (२०२५ मध्ये), पहिले तीन महिने काही जणांना थोडे जास्त. माझा पगार ५२ हजार होता. म्हणजे माझे झाले चाळीस टक्के. हॉटेलात भांडी धुणाऱ्याला किंवा अर्धवेळ दुकानात काम करणाऱ्याला नव्वदच्या जवळ पडतं, आणि मला विचाराल तर ते तसंच असायला पाहिजे, त्याच्या गाठीला काहीच नसतं. पण इंजिनियर, शिक्षक, नर्स ह्यांना ही गादी बरीच पातळ आहे, म्हणून लोक वरून खाजगी पगारविमा घेतात.

आणि तपासणी नको असं मी कुठेच म्हटलं नाहीये. सासूबाई बऱ्या आहेत हिशेबनीस, वॉकर धरून अंगणापर्यंत जातात, धन्यवाद.

मेधा_कोपनहेगन

मी दुसऱ्या बाजूच्या खुर्चीवरून लिहिते. चौदा वर्षं एचआरमध्ये आहे, काढायच्या मीटिंगा माझ्याच कॅलेंडरवरून जातात, आणि आदल्या रात्री झोप येत नाही हे खरं आहे.

काढणं सोपं असल्याचा फायदा कुठे दिसतो सांगू का, घेताना. मागच्या वर्षी आम्ही ५७ वर्षांच्या एका बाईंना घेतलं, तीन वर्षांची गॅप, आजारपण होतं. मॅनेजर म्हणाला चल घेऊन बघू, पहिल्या तीन महिन्यांचा ट्रायल आहे, त्यात १४ दिवसांच्या नोटिशीवर दोघंही मोकळे. आज त्या टीमच्या कणा आहेत. स्पेनमध्ये माझी बहीण हेच काम करते, ती म्हणते आमच्याकडे असा माणूस घ्यायला कोणी धजावलंच नसतं, पर्मनंट केला की अडकलो ही भीती. इथे लोक स्वतःहून पण नोकऱ्या भराभर बदलतात, आणि एखाद्याच्या सीव्हीवर काढलं गेल्याचा शिक्का कोणी बघत नाही. ही फार मोठी गोष्ट आहे, काढलेल्या माणसाला मान खाली घालावी लागत नाही.

पण कृष्णाकाठताई, तुमच्या मुद्द्याला मी हो म्हणते. मोकळीक मिळाली की काही मॅनेजर आळशी होतात. ज्या माणसाला सहा महिने शिकवून दुसऱ्या टीममध्ये नेता आलं असतं त्यालाही काढतात कारण काढणं हातासरशी होतं, पुढचं आ-कासे बघेल. कंपनीचा हिशेब म्हणजे काय तर नोटिशीचा पगार, बारा वर्षं झाली असतील तर एक महिन्याचा जादा, सतरा झाली असतील तर तीन, आणि तासावारी कामगार असेल तर बेकारीचे पहिले दोन दिवस मालकाने भरायचे. मोठी कपात असेल तर आधी कळवून वाटाघाटी कराव्या लागतात, २०२५ च्या सप्टेंबरमध्ये नोवो नॉर्डिस्क ह्या औषध कंपनीने जगभरातल्या ९ हजार जागा कमी करतोय म्हणून जाहीर केलं, त्यातल्या ५ हजारांच्या आसपास डेन्मार्कमधल्या, तेव्हा सगळ्यांनी ते बघितलं. पण एकटा माणूस काढला की फारसं कोणी विचारत नाही.

अभय_ओडेन्से

मेधाताईंनी लिहिलं त्याच्या जोडीला मी डोळ्याने बघितलेलं लिहितो. मी २०१० ला ओडेन्सेला शिकायला आलो तेव्हा गावावर सुतक होतं. लिंडो शिपयार्ड, जिथे २००६ मध्ये एमा मेर्स्क हे तेव्हाचं जगातलं सगळ्यात मोठं कंटेनर जहाज बांधलं, ते बंद करायचं २००९ मध्येच जाहीर झालेलं, शेवटचं जहाज २०१२ ला गेलं. हजारो वेल्डर, फिटर, रंगारी, एका मुनकेबोसारख्या छोट्या गावातून पिढ्यान्‌पिढ्या तिथेच गेलेली माणसं.

माझे घरमालक तिथले वेल्डर, तीस वर्षांची नोकरी. मी खोली भाड्याने घेतली तेव्हा ते ५१ वर्षांचे होते आणि संध्याकाळी किचनच्या टेबलावर गणिताचं पुस्तक घेऊन बसायचे, ट्रिग्नोमेट्री, चष्मा कपाळावर, पेन्सिल कानावर. एएमयू म्हणून कामगारांसाठी सरकारी कोर्स असतात ते त्यांनी एकामागून एक केले, मला अंश आणि कोन विचारायचे. आधी शिपयार्डमध्येच वेल्डिंगचे रोबॉट वापरायला सुरुवात झाली होती, त्यामुळे त्यांना त्याची ओळख होती. शेवटी एका रोबॉटच्या कंपनीत टेस्टिंगला लागले. आज ओडेन्से रोबॉटिक्सचं गाव म्हणून ओळखलं जातं, युनिव्हर्सल रोबॉट्स इथलीच, २००५ ची, आणि शिपयार्डच्या जागेवर पवनचक्क्यांची अवजड कामं चालतात.

पण त्यांच्या शेजारचा रंगारी, तोही तिथलाच, त्याला हे जमलं नाही. पाठ गेलेली, वाचायचा कंटाळा लहानपणापासूनचा, कोर्सला जाऊन मागच्या बाकावर बसून परत यायचा. दोन वर्षांची मर्यादा त्याच्याच वेळेला लागू झाली. म्हणून मला वाटतं की तिसरा पाय, शिकवणं आणि कामाला लावणं, हा माणूस बघून द्यायला पाहिजे. ज्याला पुस्तक हवं त्याला पुस्तक, ज्याला हात चालवायचेत त्याला वर्कशॉप. सगळ्यांना एकच फॉर्म देऊन कसं चालेल.

गिरणगाव७८

दिलीपराव, तुम्ही आपल्याकडचं काढलंत म्हणून लिहितो. वडील लालबागच्या एका गिरणीत साचेखात्यात होते. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला, डॉक्टर सामंतांचा, अडीच लाख कामगार. मी चार वर्षांचा होतो. कायद्याने मोठ्या कारखान्यातल्या कामगाराला सरकारच्या परवानगीशिवाय काढताच येत नव्हतं, कागदावर माझ्या वडिलांइतका सुरक्षित माणूस जगात कोणी नसेल. आणि तरी ते कधीच परत आत गेले नाहीत. पत्र नाही, तारीख नाही, नोटीस नाही. तीन वर्षांनी एका सोसायटीत रात्रपाळीचे वॉचमन झाले, आणि गिरणीचा पास मरेपर्यंत खिशात होता.

हे का सांगतोय, तर कृष्णाकाठताईंनी ती मीटिंग लिहिली, टीआरने खुर्ची ओढली, पाच महिन्यांचा पगार, घरी कोण आहे विचारलं, ते वाचताना माझे डोळे भरून आले. काढलं जाणं ह्यालाही एक रीत असू शकते हे मला माहीतच नव्हतं. आता इकडे २१ नोव्हेंबर २०२५ ला नव्या कामगार संहिता लागू झाल्यात, त्यात परवानगीची अट १०० कामगारांवरून ३०० वर गेली, म्हणजे मधल्या सगळ्या कारखान्यांना काढायची मोकळीक. ती करताना डेन्मार्कचं उदाहरण देणारे लेख येतायत. मोकळीक तिकडची घेतली, मग तो २१ हजार क्रोनरचा पाय कुठाय? ईएसआयसीत म्हणजे कर्मचारी राज्य विम्यात अटल बीमित व्यक्ती कल्याण योजना आहे, निम्मा पगार, ९० दिवस, तोही आयुष्यात एकदा म्हणून सुरू झालेला, आणि माझ्या ओळखीतल्या दहा जणांना विचारलं तर नऊ जणांनी नावच ऐकलेलं नाही.

रोखठोक_दिलीप

गिरणगाव, तुमचं वाचून गप्प झालो. माझे मामा पण गिरणीत होते. तपासणी हवी हे माझं मत तसंच आहे पण मी ती एकाच टोकाकडून बघत होतो हे मान्य.

एक विचारायचं होतं हिशेबनीसांना, ही हजेरी, कोर्स वगैरे सक्ती, ह्याने लोक खरंच लवकर कामाला लागतात का? कोणी मोजलंय?

हिशेबनीस

मोजलंय, डेन्मार्कइतकं हे मोजणारा देश क्वचित असेल कारण प्रत्येक माणसाचा सीपीआर नंबर, आपल्या आधारसारखा, आणि त्याला जोडलेली सगळी नोंद. आर्हुस विद्यापीठातले मिखाएल रोशोल्म आणि मिखाएल स्वारर ह्यांचं काम ह्यात गाजलेलं आहे. त्यांना असं दिसलं की सक्तीचा कोर्स सुरू व्हायची वेळ जवळ आली की बरेच लोक त्याच्या आधीच काम शोधून निघून जातात. म्हणजे कोर्सने जेवढं होतं त्याहून जास्त कोर्सच्या धास्तीने होतं.

आता ह्याचा अर्थ दोन तऱ्हांनी लावता येतो. एक, सक्ती चालते. दुसरा, जर धास्तीच काम करत असेल तर कोर्स चांगला करायची कोणाला गरजच उरत नाही, आणि तसंच झालं. मध्ये कोर्सांमधून तुम्ही कुठल्या पक्ष्याच्या स्वभावाचे आहात असले खेळ खेळवत होते, त्यावर तिथे पेपरांतून भरपूर टीका झाली. शेवटी माजी मंत्री कार्स्टेन कोक ह्यांच्या समितीने २०१४ मध्ये सांगितलं की माणसाशी लवकर आणि नीट बोला, निरर्थक कोर्स बंद करा.

जबाबदारी फक्त बेकाराची मोजली गेली ह्याचा हा पुरावा आहे. त्याने दोन अर्ज कमी टाकले तर भत्ता थांबतो, स्वतःहून योग्य कारणाशिवाय नोकरी सोडली तर तीन आठवडे काहीच नाही. पण जॉबसेंटरने त्याला बिनकामाच्या कोर्सला बसवून त्याचे सहा आठवडे घालवले तर कोणाचा पगार थांबतो? जॉबसेंटर चालवतात ९८ नगरपालिका, आणि एका कोम्यूनमध्ये मिळणारी वागणूक शेजारच्यात मिळेलच असं नाही. २०२५ च्या एप्रिलमध्ये मोठा राजकीय करार झाला, जॉबसेंटर ठेवलंच पाहिजे ही अट काढायचं ठरलं, सक्तीच्या भेटी कमी, नगरपालिकांना मोकळीक, आणि त्यातून अब्जावधी क्रोनर वाचवायचे. भेटी कमी होणं ताईंसारख्यांना चांगलंच आहे. मला काळजी त्या रंगाऱ्याची आहे, पैसे वाचवायचे म्हटल्यावर पहिल्यांदा वर्कशॉप बंद होतं.

शिवारफेरी

धाराशिवहून लिहितोय, डेन्मार्क नकाशावरच बघितलाय. पण धागा वाचताना रोजगार हमी आठवत राहिली म्हणून लिहायचं धाडस करतो. २५ वर्षं ह्याच कामात आहे.

७२ च्या दुष्काळात आमच्याकडे खडी फोडायला लाखो माणसं उतरली, त्यातून वि. स. पागे ह्यांच्या पुढाकाराने योजना उभी राहिली आणि १९७७ ला महाराष्ट्राने कायदा केला. त्यातली मला सगळ्यात मोलाची वाटते ती अट अशी की माणसाने काम मागितलं आणि १५ दिवसांत मिळालं नाही तर सरकारने बेकारी भत्ता द्यायचा. म्हणजे चूक सरकारची, दंड सरकारला. शहरातल्या पगारदारांकडून व्यवसाय कर घेऊन त्याचा पैसा उभा केला. अंमलबजावणीत काय झालं ते मला विचारू नका, मस्टरवर मेलेल्या माणसांचे अंगठे मी पकडलेत, भत्ता तर हाताच्या बोटावर मोजण्याइतक्यांनाच मिळाला. पण कायद्याचं तोंड कुठल्या बाजूला होतं ते बघा.

डेन्मार्कमध्ये आता ३७ तास काम केल्याशिवाय मदत नाही असा काही नियम आलाय असं वाचलं होतं. तो काय आहे?

कृष्णाकाठ

दादा, धाडस कसलं, ह्या धाग्यातली सगळ्यात महत्त्वाची पोस्ट आहे तुमची. हो, तो नियम २०२५ च्या जानेवारीपासून लागू झालाय. तो डागपेंगेला नाही, त्याच्या खालच्या पायरीला आहे, कॉन्टॅन्टयेल्प म्हणजे ज्यांना विमा नाही त्यांची शेवटची मदत. गेल्या दहा वर्षांतली नऊ वर्षं जे डेन्मार्कमध्ये राहिलेले नाहीत आणि पुरेसं कामही झालेलं नाही त्यांनी आठवड्याला ३७ तासांपर्यंत नेमून दिलेलं काम करायचं, त्यात भाषेचे वर्ग आणि नोकरी शोधणंही धरतात. रोख कुणावर आहे ते उघड आहे, बाहेरून आलेल्या बायका घराबाहेर पडाव्यात हा सांगितलेला हेतू. हेतू वाईट नाही, माझ्या भाषेच्या वर्गात अशा दोघी होत्या, एकीला पहिल्या वर्षी दुकानात एकटीने दूध आणायची भीती वाटायची, पुढे ती वृद्धाश्रमाच्या किचनमध्ये लागली आणि डॅनिशमध्ये भांडायला शिकली. पण तिला तिथे नेलं ते एका केसवर्करने, जी स्वतः तिच्याबरोबर बसने पहिले तीन दिवस गेली. नियमात ती बस लिहिता येत नाही.

तुम्ही लिहिलंत त्या उलट इथे आहे. तुमच्याकडे काम मागायचा हक्क आणि देण्याची जबाबदारी सरकारची. इथे पैशाचा हक्क आणि कामाची जबाबदारी माणसाची.

नवाखेळाडू

नमस्कार, मी कोपनहेगनला, दोन वर्षं झाली, बायको आणि लहान मुलगी आहे. सगळं वाचलं. मला सांगा, ह्या त्रिकोणात मी कुठे बसतो? माझा राहायचा आणि कामाचा परवाना पगारमर्यादेच्या योजनेतला, म्हणजे ठरलेल्या रकमेहून जास्त पगार असला की मिळणारा, ह्या कंपनीच्या नावाला बांधलेला, नोकरी बदलायची तरी नवा अर्ज. आ-कासे पहिल्या महिन्यापासून भरतोय. काल कळलं की आमची टीम बंद होतेय, मला तीन महिने आहेत. टॅक्स इतरांइतकाच भरला. मला काढायची मोकळीक कंपनीला इतरांसारखीच आहे पण मला पडायला गादी नाही, कारण नोकरी गेली की देशात राहायचा आधारच जातो. झोप लागत नाहीये. मुलीची नुकतीच वुगस्टुए म्हणजे पाळणाघर बदलून बोर्नेहावे म्हणजे बालवाडी सुरू झालीय आणि ती घरी डॅनिश गाणी म्हणते.

मेधा_कोपनहेगन

अरे, आधी शांत हो. तीन महिने म्हणजे फुन्क्शिओनेर नोटीस आहे, तोपर्यंत तुझा पगार आणि परवाना दोन्ही चालू. तू म्हणतोस ते खरंय आणि ते मला माझ्याच कामात सगळ्यात जास्त खुपतं, त्रिकोण राहणाऱ्यांसाठी आहे, आलेल्यांसाठी फक्त पहिला पाय.

आता काम. नोकरी तुझ्या चुकीशिवाय जातेय, त्यामुळे नवीन नोकरी शोधण्यासाठी सहा महिन्यांपर्यंत राहायचा परवाना मागता येतो, त्याचा अर्ज सिरीकडे, म्हणजे परदेशी कामगारांचे परवाने देणाऱ्या सरकारी कार्यालयाकडे, करायचा असतो. शेवटच्या दिवसाची वाट बघू नकोस, काढल्याच्या पत्रात कारण स्पष्ट लिहून घे, खर्चकपात, तुझी कामगिरी नव्हे, ते वाक्य महत्त्वाचं आहे. नोकरी संपली की सिरीला कळवणं तुझ्यावर बंधनकारक आहे. आणि युनियन असेल तर आजच टीआरला गाठ. सही करायला दिलेल्या कुठल्याही सेटलमेंटच्या कागदावर युनियनच्या वकिलाने बघितल्याशिवाय सही नको, मी एचआरमधली असून सांगतेय.

कृष्णाकाठ

आणि आ-कासेला लेखी विचार, फोनवर नको, की माझ्या परवान्यावर मला भत्ता लागू होतो का आणि नोकरीशोधाच्या परवान्यावर काय. कामासाठी कधीही मोकळं असणं ही त्यांची मूळ अट आहे आणि तुझा परवाना एका कंपनीला बांधलेला, तिथेच घोडं अडतं. उत्तर ‘नाही’ असं आलं तरी तो नकार लेखी घे, पुढे कामाला येतं.

मी हा धागा चालू केला तेव्हा माझ्यावरच अन्याय झालाय असं वाटत होतं. माझ्याकडे कायमचा परवाना आहे, मला कोणी विमानात बसवणार नाहीये. गिरणगावकाका, तुमचे वडील पास खिशात ठेवायचे ते डोक्यातून जात नाहीये.

माझं म्हणाल तर मंगळवारी होर्सेन्सला मुलाखत आहे, ट्रेनने अर्ध्या-पाऊण तासावर, पगार पूर्वीपेक्षा सहा हजारांनी कमी, पवनचक्क्यांच्या देखभालीचं सॉफ्टवेअर. मिळालं तर घेणार. त्यांना पहिल्याच भेटीत विचारणार आहे की तुमच्याकडे टीआर आहे का आणि शेवटचा माणूस काढला तेव्हा त्याला दुसरीकडे शिकवून बघितलं होतं का. मेधाताई, हे विचारलं तर चालेल ना?

मेधा_कोपनहेगन

चालेल काय, विचाराच. मला कोणी विचारलं तर मी त्या उमेदवाराच्या नावापुढे खूण करते, आणि मॅनेजरलाही उत्तर शोधून ठेवावं लागतं.

नवाखेळाडू

टीआर दुपारी भेटला. पत्रात फक्त पुनर्रचना एवढंच होतं, त्याने एचआरशी बोलून कारण नीट लिहून घ्यायचं कबूल केलंय. सिरीचा फॉर्म उघडून बसलोय, बायको शेजारी पासपोर्टांचे फोटो काढतेय.

कृष्णाकाठ

फोटो सावली न पडता काढा, माझा एकदा त्यावरूनच परत आला होता. अर्ज गेला की इथे नुसतं गेला एवढं लिही, रात्री कितीही वाजले तरी. मी जागी आहे.